फोटो निघालाय, बघून तर जा

महाबळेश्वरला वेण्णा तलावावर बोटीतून उतरलं की दुसरी पायरी चढायच्या आत हाक येते. "ताई, फोटो निघालाय. बघून तर जा. घेतलाच पाहिजे असं काही नाही." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात पक्कं आहे. घ्यायची सक्ती नाही म्हटल्यावर माणूस थांबतो, आणि थांबला की निम्मा सौदा झालेला असतो.

हाक मारणाऱ्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि खांद्याला शाळेच्या दप्तराएवढी बॅग. बॅगेत एक बसका प्रिंटर आणि त्याची बॅटरी. गेल्या मे महिन्यात आम्ही सातजण बोटीतून उतरलो, तेव्हा बाकीचे मक्याच्या कणसांकडे वळले आणि मी प्रिंटरपाशी उभी राहिले. कोरा कागद यंत्राच्या तोंडात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्यावर लिंबाच्या सालीच्या रंगाची सात भुतं होती. परत आत गेला, परत बाहेर आला. आता सगळ्यांची तोंडं उन्हातान्हात कांदे काढून आल्यासारखी लालभडक. तिसऱ्या फेरीला मात्र जादू झाली. केस काळे झाले, झाडी हिरवी झाली आणि तलावात पाणी आलं. चौथ्या फेरीत काहीच बदललं नाही असं वाटलं. फोटोवाल्याने कागदाच्या दोन कडांच्या पट्ट्या खटकन मोडल्या, फोटो प्लास्टिकच्या पाकिटात सरकवला आणि पुढच्या बोटीकडे बघायला लागला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

या प्रिंटरात शाई नसते. असते ती पातळ प्लास्टिकची फीत, आणि तिच्यावर पिवळा, किरमिजी आणि निळसर अशा तीन रंगांचे पट्टे एकामागोमाग एक. फितीच्या वर बारीक बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते. जिथे रंग हवा तिथे ठिपका तापतो, फितीवरच्या रंगाची वाफ होते आणि ती वाफ कागदावरच्या खास थरात शिरून बसते. ठिपका जास्त तापला तर रंग गडद, कमी तापला तर फिका. रंग तीन, म्हणून एका कागदाला तीन वेळा आतबाहेर करावं लागतं. चौथी फेरी पारदर्शक थराची. तो दिसत नाही, पण त्याच्यामुळेच फोटोवर बोटांचे ठसे उठत नाहीत आणि वेण्णा तलावाचं पाणी उडालं तरी रंग ओघळत नाहीत.

आणखी एक गंमत त्या फोटोवाल्या मुलाने दाखवली. संपलेली फीत त्याने बॅगेतून काढून उन्हात धरली. फितीवर जिथला रंग उडून कागदावर गेला, तिथे तो कमी झालेला असतो. त्यामुळे दिवसभरात ज्यांचे ज्यांचे फोटो निघाले त्या सगळ्यांच्या उलट्या सावल्या फितीवर राहतात. सकाळपासूनची गिऱ्हाइकं तिथे रांगेत उभी होती. "कचऱ्यात टाकताना कापून टाकतो," तो म्हणाला. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला. शहाणा मुलगा.

आता खरा प्रश्न. आम्हा सातजणांकडे मिळून सहा मोबाईल होते. बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत निदान शंभर फोटो निघाले असतील. मग हा एकशे एकावा पैसे देऊन का घेतला? भाचीने विचारलं, "मावशी, आपल्याकडे आहेत की!" मी मोबाईल उघडून तिला शंभरही दाखवले. एकात मी नव्हते, एकात तिचे वडील नव्हते, दोनचार सेल्फींत सगळे होते, पण तलाव नव्हता. नुसती पुढे आलेली सात नाकं होती. बोट, पाणी, मागची झाडी आणि सातही माणसं एकत्र असलेला फोटो एकच, आणि तो काठावरच्या परक्या माणसाने काढलेला.

हे काही मोबाईल आल्यावर घडलेलं नाही. आमच्या सांगलीच्या घरातला जुना अल्बम उघडला तर अण्णा, म्हणजे माझे वडील, जवळजवळ कुठेच नसत. अण्णा मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, आणि त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री होता. साधा डबा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, आणि ऊन असेल तरच काढायचे. बारा म्हणजे बाराच, म्हणून प्रत्येक फोटोआधी अण्णा आम्हाला इतका वेळ उभं करत की सगळ्या फोटोंत आमचे डोळे उन्हाने मिटलेले असत. ज्याच्या हातात कॅमेरा तो माणूस फोटोत नाही, हा त्या काळच्या प्रत्येक घरातल्या अल्बमचा नियम. एक जण कायम गैरहजर. अण्णा ज्यांत आहेत असे तीनच फोटो आमच्याकडे होते: लग्नातला, पेढीच्या ग्रुपमधला आणि पुसेगावच्या यात्रेतला. तिन्ही विकत घेतलेले.

पुसेगावचा फोटो विमानातला होता. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत डिसेंबरच्या थंडीत तंबू लागायचा. आत पुठ्ठ्याचं विमान, त्याला खिडक्या कापलेल्या, मागे आभाळाचा रंगवलेला पडदा. खिडकीतून अण्णा, आई, दादा आणि मी अशी चार डोकी बाहेर आलेली. कोणीही विमान बघितलेलं नव्हतं. शेजारच्या तंबूत बोटीचा पडदा होता, तिथे दोन आणे जास्त म्हणून आम्ही विमानात बसलो, असं आई अजून सांगते. म्हणजे समुद्रसफरीचा फोटो आमच्या घरी थोडक्यात हुकला. या पडद्यांना मी कधी हसत नाही. सांगली ही नाटकवाल्यांची पंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे 'सीता स्वयंवर' केलं, आणि पुढच्या काळात रंगवलेल्या पडद्यावर राजवाडा, अरण्य, रस्ता मानून घ्यायची सवय आमच्याकडे घराघरांत मुरली. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाकडे वळण्याआधी नाटकमंडळ्यांचे पडदेच रंगवत होते. ज्या डोळ्यांना पडद्यावरचा राजवाडा खरा वाटतो त्यांना पुठ्ठ्याचं विमान का चालू नये?

आता खऱ्या बोटीकडे येते. माझी साताऱ्याची मावसबहीण, आम्ही तिला माई म्हणतो, दोन वर्षांपूर्वी मुलासुनेबरोबर आणि नातवंडांबरोबर सिंगापूरच्या टूरला गेली. टूरमध्ये तीन रात्रींची क्रूझ होती. परत आल्यावर पेढे वाटावेत तसा तिने प्रसंग वाटला. बोटीत पाय ठेवायच्या आधीच एकाने अडवून बोटीचं नाव लिहिलेली रबरी कडी हातात दिली आणि फोटो काढला. जेवताना एक काढला. सुटाबुटाच्या रात्री जिन्यावर उभं करून काढला. बंदरावर उतरताना चाच्याचा वेश केलेला एक जण नातवाच्या गळ्याला खोटी तलवार लावून उभा, तोही फोटो. कोणीही एक पैसा मागितला नाही. "मला वाटलं, तिकिटातच आहे," माई म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या हॉलकडे जाताना भिंतीवर हजारभर फोटो टांगलेले, आणि त्यांत हिचा. नऊवारीतला. तिथे प्रत्येक फोटोखाली किंमत होती, आणि रुपयांत मोजल्यावर तिच्या मुलाने एकदम पाणी प्यायलं.

माईला वाटलं ती फसवणूक नव्हे, जगभरच्या क्रूझचा तो रीतसर धंदा आहे. बोटीच्या तिकिटाने जागा भरते. कंपनीला कमाई पुष्कळदा वरच्या खर्चातून होते: दारू, जुगार, मसाज, बंदरावरच्या सहली आणि फोटो. फोटोवाल्याचं गणित तर सोपं आहे. पूर्वी रोल आणि कागदाला खर्च यायचा, म्हणून न खपलेले फोटो शेवटी कचऱ्यात जाताना जीव हळहळायचा. आता काढायला खर्च जवळजवळ शून्य. दहा काढून एक विकला तरी चालतं. म्हणून आधी काढायचा, मग दाखवायचा, किंमत सगळ्यात शेवटी. नवीन बोटींवर भिंतीऐवजी पडदे असतात. तुमचा चेहरा ओळखून यंत्रच हजारो फोटोंतले तुमचे तेवढे वेगळे काढून समोर ठेवतं. शोधायचे कष्टसुद्धा राहिले नाहीत. आपण नको म्हणायचे कष्ट तेवढे घ्यायचे.

आणि ते कष्ट खरंच पडतात. १९९० साली डॅनिअल काहनमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग छापला. वर्गातल्या निम्म्या मुलांना कॉफीचे मग दिले, निम्म्यांना दिले नाहीत. मग विचारलं, कितीला विकाल, कितीला घ्याल? हातात मग येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. वस्तू आपली झाली की महाग होते. भिंतीवरच्या फोटोत तर आपला चेहरा असतो. तो आपला नाही असं म्हणायचं तरी कसं? तो फोटो न घेणं म्हणजे एक वस्तू न घेणं असं वाटतच नाही. आपल्या नातवाला तिथे टांगलेला सोडून आलो असं वाटतं. माईने नऊवारीतला घेतला, चाच्याचा सोडला. त्या सोडलेल्या फोटोचं ती अजून बोलते. घेतलेला कपाटात आहे.

वेण्णाकाठचा मुलगा हीच विद्या पाळतो, पण त्याच्या विद्येला वेसण आहे. त्याचं गिऱ्हाईक पाच मिनिटांत एसटी स्टँडकडे निघून जातं, त्यामुळे किंमत ताणता येत नाही. शेजारी आणखी चारजण बॅगा घेऊन उभे असतात, त्यामुळे भाव एकमेकांवर बसतो. बोटीवर दुकान एकच, आणि समुद्रात बाहेर पडायला रस्ता नाही. एवढाच फरक, पण पैशाच्या दृष्टीने तोच सगळा फरक.

झटपट फोटोची भूकच मुळात एका सहलीत जन्माला आली. अमेरिकेत एडविन लँड नावाचा संशोधक १९४३ साली कुटुंबासह सांता फे गावी सुट्टीला गेला होता. त्याने तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला, तर ती म्हणाली, मला आत्ताच का नाही बघायला मिळत? बाकीच्या बापांनी 'घरी गेल्यावर हं' म्हटलं असतं. लँडने २१ फेब्रुवारी १९४७ रोजी मिनिटात फोटो बाहेर टाकणारा कॅमेरा लोकांसमोर ठेवला आणि पुढच्या वर्षी तो पोलरॉइड नावाने बाजारात आला. आपल्याकडे तो फार थोड्यांच्या हातात गेला, कारण रोल भलता महाग. आपल्या रस्त्यांवर त्याच्याही आधीपासून लाकडी पेटीचा कॅमेरा होता. फोटोवाला काळ्या बाहीतून पेटीत हात घालायचा आणि आतल्या आतच कागदावर निगेटिव्ह धुवायचा. मग ती निगेटिव्ह भिंगापुढे धरून तिचाच फोटो काढायचा, की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होऊन माणूस सरळ व्हायचा. बादलीत खंगाळलेला ओला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात. लँडच्या मुलीने जे मागितलं ते एखाद्या जत्रेतल्या पोराला आधीच मिळत होतं. फक्त ओलं.

पॉइंटवरच्या फोटोवाल्याचं खरं कसब मात्र यंत्रात नसतं. मी त्या दिवशी तासभर बघत होते. तो मुलगा 'एक, दोन, तीन' म्हणतो आणि फोटो 'दोन'लाच काढतो, कारण तीनला सगळे श्वास रोखून पुतळे होतात. म्हाताऱ्या माणसाला तो कधी मागच्या ओळीत जाऊ देत नाही. नवरा-बायकोत दोन वीत अंतर दिसलं तर मधोमध त्यांचंच पोर उभं करतो. उन्हाचं तोंड कुठे आहे हे त्याला घड्याळ न बघता कळतं. दुपारी तो गिऱ्हाइकाला झाडाच्या सावलीच्या कडेला घेतो, चार वाजल्यानंतर पाण्याकडे. मुंबई पॉइंटवर सूर्य चिमटीत धरलेला फोटो सगळ्यांनाच हवा असतो. घरचा माणूस त्यासाठी वीस मिनिटं 'अजून थोडं वर, अजून डावीकडे' करतो आणि तेवढ्यात सूर्य बुडतो. फोटोवाला स्वतः गुडघ्यावर बसतो, गिऱ्हाइकाला हलवतच नाही, आणि तिसऱ्या क्लिकला सूर्य चिमटीत. पाचगणीच्या टेबललँडवर घोड्यावरचं पोर रडायच्या आत फोटो घ्यायचा असतो, तिथे तर सेकंदांचा खेळ.

तलावाबद्दल एक सांगायला हवं, कारण फोटोत जो मागे दिसतो तो नैसर्गिक आहे असंच सगळे समजतात. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तो बांधून घेतला. हेतू गावाला पाणी. नौकाविहार, मका आणि फोटो ही पुढची वाढ. माणसाने पाणी अडवायचं आणि मग त्या पाण्यापुढे उभं राहून फोटो काढायचा, ही साताऱ्याची जुनी रीतच म्हणायची. कोयना धरणाचा शिवसागर घ्या. बामणोलीहून वासोट्याला जाणारी लाँच ही सातारा जिल्ह्याची क्रूझ. लाँच मधोमध आली की सगळे मोबाईल काढतात. त्या पाण्याखाली गावं आहेत. धरणासाठी उठवलेली कितीतरी कुटुंबं सांगली, सोलापूर, ठाण्याकडे वसवली गेली. आमच्या गल्लीच्या टोकाला अशाच एक आजी राहायच्या. त्यांच्याकडे त्यांच्या गावाचा एकही फोटो नव्हता. तिकडे फोटोवाला कधी आलाच नव्हता. त्या कोळशाने अंगणात घरांच्या जागा काढून दाखवायच्या. हे देऊळ, हा चिंचेचा पार, हे आमचं. सकाळी कोणीतरी झाडायचं, संध्याकाळी त्या परत काढायच्या.

असो. फोटो घ्यायचाच झाला तर काय बघावं, हे सांगायचं राहायला नको. आधी विचारावं: हे कागदाचे पैसे, की मोबाईलवर मूळ फाईलही देणार? पुष्कळ फोटोवाले दोन्ही देतात, पण विचारल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल घेताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं, नाहीतर ती दाबून लहान होते आणि उद्या मोठा फोटो करायला गेलं तर चेहऱ्यांचे चौकोन होतात. क्रूझवर एकेक फोटो घेत बसण्यापेक्षा सगळ्यांची मिळून काय किंमत ते पहिल्याच दिवशी विचारावं, आणि शेवटच्या रात्रीवर ठेवू नये. तेव्हा तिथे रेशनच्या दुकानासारखी रांग असते, आणि रांगेतला माणूस हिशेब करत नाही.

कायद्यातही एक बारीक गाठ आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तुम्ही सांगून, पैसे ठरवून फोटो काढून घेतलात आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचे पहिले मालक तुम्ही. पण न सांगता कोणी काढला आणि तुम्ही नंतर त्याची एक प्रत विकत घेतलीत, तर कागद तुमचा, हक्क काढणाऱ्याचा. म्हणजे 'काढू का?' आणि 'निघालाय, बघून तर जा' या दोन वाक्यांत कायद्याच्या दृष्टीने मालकीचं अंतर आहे. वेण्णाच्या काठावर कोणी यावरून भांडत बसणार नाही. पण उद्या तुमच्या नातवाचं तोंड एखाद्या टूरच्या जाहिरातीत झळकलं, तर हे अंतर आठवेल.

आता कागदाबद्दल. मोबाईलमधल्या शंभर फोटोंचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे; मोबाईल बदलला, पासवर्ड विसरला, गेले. कागदाचं आयुष्य वेगळ्या चालीने जातं. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो आज लालसर झालेले दिसतात, ते ऊन लागून नव्हे. त्या काळच्या कागदातला निळसर रंग अंधारात, बंद अल्बमातसुद्धा आपोआप विरत जातो आणि मागे लाल-पिवळा उरतो. काळ्यापांढऱ्या फोटोत रंगद्रव्य नसतं, चांदीचे कण असतात, म्हणून आजोबा-पणजोबा टिकतात आणि आपल्या बारशाचे फोटो विटतात.

पाण्याचा हिशेब आणखी वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात. पाणी आलं तेव्हा आई आणि दादाने गहू, टीव्ही आणि देव वर नेले. अल्बम खालच्या कपाटात राहिला. आठवड्याने कपाट उघडलं तर अल्बमची वीट झालेली. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला तो थर पाण्याने फुगतो, मऊ होतो आणि समोरच्या पानाला चिकटतो. वाळला की दोन फोटोंचा एक होतो. आम्ही नेमकी ती चूक केली. घाईघाईने सगळं गच्चीवर उन्हात टाकलं आणि संध्याकाळी सोलायला बसलो. दादाच्या मुंजीचा फोटो सोलताना त्याचा चेहरा माझ्या शाळेच्या ग्रुपच्या पाठीवर निघून आला.

नंतर कळलं की करायचं होतं उलट. भिजलेले फोटो वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवायचे आणि ते आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. चिखल बोटाने चोळायचा नाही, पाणी बदलत राहायचं. मग चेहरा वर करून सावलीत साध्या कोऱ्या कागदावर पसरायचे. वर्तमानपत्रावर नाही, त्याची शाई उतरते. एकदम सगळ्यांचं करणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. तिथे बुरशी धरत नाही आणि सवडीने काम करता येतं. काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच पाण्यात घालायचा. हे सगळं दोन दिवसांच्या आत. आम्हाला आत जाता आलं तेच आठव्या दिवशी, त्यामुळे आमचे पुष्कळसे तसेही गेले असते, अशी मी स्वतःची समजूत काढते. पुसेगावचं विमान गेलं. लग्नातले अण्णा कमरेपर्यंत वाचले.

एक फोटो मात्र कोरडाच राहिला, कारण तो अल्बमात कधी लावलाच नव्हता.

१९७९ च्या मे महिन्यात आम्ही एसटीने महाबळेश्वरला गेलो होतो. कराड, सातारा, वाई, पसरणीचा घाट, आणि घाटात दादाला दोनदा उलटी. वेण्णावर बोटीतून उतरताना दोन डोळ्यांचा कॅमेरा गळ्यात घातलेल्या माणसाने आम्हा चौघांचा फोटो काढला. अण्णांनी क्लिक थ्री पहिल्यांदाच आईच्या पिशवीत ठेवला आणि केसांवरून हात फिरवून आमच्यात उभे राहिले. फोटोवाल्याने वहीत पत्ता लिहून घेतला, पैसे घेतले, पंधरा दिवसांत पोस्टाने येईल म्हणाला. तेव्हाची पद्धतच ती. दिवसभर रोल भरायचे, रात्री धुवायचे, फोटोमागे पेन्सिलीने वहीतला नंबर टाकायचा आणि नंबर बघून पाकिटं भरायची. पंधरा दिवस झाले, पाऊस लागला, गणपती झाले. दसऱ्याच्या सुमाराला पाकीट आलं. आत फोटो होता. घोड्यावर बसलेली एक नवी नवरी आणि लगाम धरून उभा असलेला तिचा नवरा. आम्ही त्यांना आयुष्यात बघितलेलं नव्हतं. मागे पेन्सिलीने १७.

अण्णांनी दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मला उलगडा झाला, निदान मला तसं वाटतं. आमचा नंबर १६ असणार किंवा १८. एक पाकीट चुकलं की पुढची सगळी घरं एकेक जागा सरकतात. म्हणजे त्या वर्षी कितीतरी घरांना शेजारच्या घराचं कुटुंब पोस्टाने आलं असणार, आणि आमचे अण्णा, एकदाचे पूर्ण, तलावासकट, सोलापूरला नाहीतर पुण्याला कोणाच्यातरी घरी पोचले असणार.

आईने तो फोटो टाकू दिला नाही, अल्बमातही लावू दिला नाही. "कुणाचा तरी आहे. कधी भेटले तर द्यायचा," असं म्हणून तिने पाकिटासकट माळ्यावरच्या पितळी डब्यात ठेवला, आणि पूर माळ्यापर्यंत आला नाही.

गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरहून परत आल्यावर तो छोटा प्रिंटरवाला फोटो मी आईला दिला. तिने चष्मा लावून सातही जण मोजले आणि डबा काढायला सांगितला. भाची म्हणाली, "आजी, या घोड्यावाल्यांचा फोटो नेटवर टाकू या, सापडतील." आईने थोडा वेळ बघितलं. "आता सत्तरीच्या पुढचे असतील. आणि त्यांचं तोंड असं चारचौघांत कशाला?" तिने नवा फोटो आणि जुना फोटो दोन्ही एकाच पाकिटात सरकवले. पाकिटावर फोटोवाल्याच्या अक्षरात अण्णांचं पूर्ण नाव आहे, पेठ आहे, घर नंबर आहे. पत्ता अगदी बरोबर लिहिलेला आहे.